कोलेस्टेरॉल पित्तावाटे बाहेर कसं पडतं? वाहक जनुकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलेस्टेरॉलबद्दल लिहिलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. बहुतेक रक्ताच्या रिपोर्टपासून सुरू होतात आणि पित्ताच्या खड्यांपाशी पोचतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तुम्ही सारखं ‘पित्त’ म्हणता. मला पित्ताचा त्रास आहे, म्हणजे माझं कोलेस्टेरॉल नीट बाहेर पडत नाही का?

नाही. हा घोळ मराठीतल्या एका शब्दाने केला आहे. ‘पित्त झालं’ म्हणताना आपल्याला बहुतेक वेळा जठरातलं आम्ल अभिप्रेत असतं. ‘अंगावर पित्त उठलं’ म्हणजे ॲलर्जीच्या गांधी. या पानावरचं पित्त या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. यकृत सतत तयार करत असतं तो पिवळसर हिरवा द्रव, दिवसाला साधारण ६०० ते १००० मिलिलिटर. तो पित्ताशयात साठतो, घट्ट होतो आणि जेवण झालं की लहान आतड्यात सोडला जातो. छातीतल्या जळजळीचा या जनुकांशी संबंध नाही.

२. शरीर साखर जाळतं, चरबी जाळतं. मग कोलेस्टेरॉल का जाळत नाही?

कारण त्याचा सांगाडा तोडायची हत्यारंच आपल्याकडे नाहीत. कोलेस्टेरॉलच्या रेणूत कार्बनची चार कडी एकमेकांना जोडलेली असतात. ती फोडून ऊर्जा मिळवणारं एकही एन्झाइम माणसाच्या पेशीत नाही. चरबीच्या साध्या साखळ्या पेशी तुकडे तुकडे करून वापरतात, पण ही कडी जशीच्या तशी राहतात.

म्हणून दोनच मोठे मार्ग उरतात. एक, यकृताने कोलेस्टेरॉलचं रूप थोडं पालटून त्याचे पित्तक्षार करायचे. दिवसाला साधारण अर्धा ग्रॅम असा जातो. दोन, कोलेस्टेरॉल आहे तसंच पित्तात टाकायचं. दोन्ही वाटा पित्तातूनच जातात. थोडंफार झडणाऱ्या त्वचेतून आणि हार्मोन बनण्यात जातं, पण तो हिशेब किरकोळ.

गंमत म्हणजे नावातच पत्ता आहे. हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो अठराव्या शतकात, पित्ताच्या खड्यांत. पुढे १८१६ च्या सुमारास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याला नाव दिलं. रक्ताशी आणि हृदयाशी त्याची गाठ फार नंतर पडली.

३. वाहक जनुक म्हणजे काय? जनुक स्वतः कोलेस्टेरॉल उचलून नेतं का?

जनुक ही फक्त कृती. तिच्यावरून पेशी एक प्रथिन बनवते आणि ते प्रथिन पेशीच्या आवरणात दारासारखं बसतं. या पानावरची बरीच प्रथिनं ‘एबीसी’ घराण्यातली आहेत. माणसात या घराण्याची ४८ जनुकं आहेत आणि त्यांतली बहुतेक प्रथिनं एटीपी हे इंधन खर्चून एखादा रेणू आवरणापलीकडे ढकलतात. यापुढे सोयीसाठी जनुक आणि त्याचं प्रथिन यांना एकाच नावाने हाक मारली आहे.

४. एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही नावं नेहमी जोडीनेच का येतात?

कारण एकटं कुणीच काम करत नाही. दोन्ही प्रथिनं अर्धी अर्धी आहेत. पेशीच्या आत ती एकमेकांना सापडली तरच पुढे आवरणापर्यंत पाठवली जातात; एकटं पडलेलं प्रथिन वाटेतच अडकतं.

जनुकांची मांडणीही तशीच. दोन्ही दुसऱ्या गुणसूत्रावर, एकमेकांकडे पाठ करून बसलेली, मध्ये ४०० पेक्षा कमी अक्षरांची फट. त्या फटीतून दोन्ही दिशांना वाचन सुरू होतं, त्यामुळे एक चालू झालं की सहसा दुसरंही होतं. २००० सालच्या अखेरीस डल्लासमधल्या हेलन हॉब्ज यांच्या गटाने ही जोडी जाहीर केली. २०१६ मध्ये जोडीची त्रिमितीय रचनाही समोर आली.

५. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. मग पित्तात ते तरंगत का नाही, किंवा तळाशी का बसत नाही?

माझ्या मते या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. पुढची निम्मी उत्तरं याच्यावर उभी आहेत, तेव्हा जरा थांबून वाचा.

यकृताच्या दोन शेजारी पेशींच्या मध्ये एक केसाहून कितीतरी बारीक नळी असते. पित्त तिथे जन्माला येतं. नळीच्या भिंतीत तीन वेगवेगळे वाहक बसलेले असतात आणि तिघांची कामं वेगळी आहेत.

पहिला एबीसीबी११. हा पित्तक्षार नळीत ढकलतो. पेशीत ते थोडे असतात आणि नळीत कितीतरी पट जास्त, म्हणजे हा पंप चढावर पाणी चढवतो. पित्तक्षार मागोमाग पाणी ओढतात, त्यातून पित्ताला प्रवाह मिळतो.

पण पित्तक्षार म्हणजे साबणच. नुसता साबण नळीत साचला तर तो नळीची भिंतच खरवडून काढेल. म्हणून दुसरा वाहक, एबीसीबी४. हा फॉस्फॅटिडिलकोलीन नावाची चरबी आवरणाच्या आतल्या थरातून बाहेरच्या थरात उलटवतो. तिथून पित्तक्षार ती उचलतात आणि साबणाची धार बोथट होते. १९९३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. त्यांच्या पित्तात ही चरबी जवळजवळ नव्हतीच आणि यकृत खराब होत गेलं.

तिसरी आपली जोडी, एबीसीजी५ आणि ८. ती कोलेस्टेरॉलचा रेणू आवरणाच्या बाहेरच्या काठापर्यंत आणून देते. पित्तक्षार आणि फॉस्फॅटिडिलकोलीन यांच्या एकत्र गोळ्या, म्हणजे मिश्र मिसेल, तयार झालेल्याच असतात. कोलेस्टेरॉल त्यांच्या पोटात शिरतं आणि पाण्यात राहूनही पाण्याला शिवत नाही.

म्हणजे नळीत तीन गोष्टींचा तोल आहे. तिसरी वाढली आणि पहिल्या दोन वाढल्या नाहीत, की मिसेलमध्ये जागा उरत नाही. जागा न मिळालेलं कोलेस्टेरॉल पुढे काय करतं, ते प्रश्न १० मध्ये.

६. एकूण किती कोलेस्टेरॉल असं बाहेर पडतं?

पित्तातून आतड्यात दिवसाला अंदाजे एक ग्रॅम. आहारातून येतं त्याच्या हे दुप्पट किंवा त्याहून जास्त भरतं. आतड्यात जे कोलेस्टेरॉल असतं, त्यातलं बरंचसं तोंडावाटे आलेलं नसून आपल्याच यकृताने टाकलेलं असतं, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो.

पण आतड्यात टाकलं म्हणजे बाहेर गेलं असं नाही. साधारण निम्मं परत शोषलं जातं. माणसामाणसात हा आकडा बराच बदलतो. परत आत घेणारं दार वेगळं, त्याचं नाव एनपीसी१एल१, आणि ते २००४ मध्ये सापडलं. उरलेल्या कोलेस्टेरॉलपैकी बरंचसं आतड्यातले जीवाणू कोप्रोस्टॅनॉलमध्ये बदलतात. ते फारसं शोषलं जात नाही, विष्ठेतून जातं.

पित्तक्षारांची काटकसर तर याहून कडक. शरीरात त्यांचा सगळा साठा दोन ते चार ग्रॅमचा. तोच दिवसातून अनेक फेऱ्या मारतो आणि दर फेरीत सुमारे ९५ टक्के परत येतो. यकृतात त्यांना परत घेणारं जे दार आहे, एनटीसीपी, त्याच दाराने हिपॅटायटिस बी चा विषाणूही आत शिरतो, हे २०१२ मध्ये कळलं. विषयाला सोडून आहे, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

७. हे दार कधी उघडायचं, हे पेशीला कसं कळतं?

पेशीत कोलेस्टेरॉल साचलं की त्याच्या काही भागाला ऑक्सिजन जोडला जातो आणि ऑक्सिस्टेरॉल तयार होतात. ते एलएक्सआर नावाच्या प्रथिनाला चिकटतात आणि ते प्रथिन जाऊन एबीसीजी५ व ८ चं वाचन वाढवतं. साचलेला मालच दाराची कडी काढतो म्हणा ना.

पित्तक्षारांसाठी दुसरा पहारेकरी आहे, एफएक्सआर. पित्तक्षार वाढले की तो एबीसीबी११ आणि एबीसीबी४ वाढवतो आणि नवे पित्तक्षार बनवणं कमी करतो. म्हणजे प्रश्न ५ मधल्या तिघांचा मुकादम एकच नाही. तोल बिघडायला तिथेच वाव मिळतो.

८. हीच जोडी आतड्यातही असते असं वाचलं. तिथे पित्त बनत नाही, मग तिचं काम काय?

तिथे ती दारात उभं राहून नको असलेला पाहुणा परत पाठवते. वनस्पतींत कोलेस्टेरॉल नगण्य असतं, पण त्याच्यासारखे दिसणारे सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल वगैरे असतात. तेलं, कठीण कवचाची फळं, तीळ यांतून ते रोज काहीशे मिलिग्रॅम पोटात जातात, म्हणजे जवळपास कोलेस्टेरॉलइतकेच. एनपीसी१एल१ त्यांनाही काही प्रमाणात आत घेतं. एबीसीजी५ आणि ८ त्यांना पुन्हा आतड्यात ढकलतात आणि त्यातूनही निसटलेल्यांना यकृतातली हीच जोडी पित्तात काढते. म्हणून निरोगी माणसात वनस्पतिजन्य स्टेरॉल पाच टक्क्यांहूनही कमी शोषले जातात. ही चाळणी फाटली की काय होतं, तो पुढचा प्रश्न.

९. जोडीतलं एक जनुक पूर्ण बिघडलं तर?

आई आणि वडील दोघांकडूनही त्याच जनुकाची बिघडलेली प्रत आली तर सिटोस्टेरॉलेमिया होतो. एबीसीजी५ च्या दोन्ही प्रती बिघडल्या किंवा एबीसीजी८ च्या, परिणाम तोच, कारण जोडी मोडते. १९७४ मध्ये दोन बहिणींमध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. त्यांच्या स्नायूंच्या कंडरांवर कोलेस्टेरॉलच्या गाठी होत्या आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल मात्र नेहमीसारखं. वाढलेलं होतं ते सिटोस्टेरॉल. एरवी रक्तात ते एका डेसिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आतच असतं. या आजारात दहा आणि त्याहून पुष्कळ वर जातं.

हा आजार ओळखण्यात तीन फसगती होतात.

लहान मुलांत एकूण कोलेस्टेरॉल इतकं वाढू शकतं की आनुवंशिक एलडीएलचा (रक्तातल्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा) आजार समजून स्टॅटिन हे औषध (प्रश्न १५) सुरू होतं आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसरी फसगत रक्तपेशींची. प्लेटलेट मोठ्या आणि कमी, लाल पेशी फुटणाऱ्या. कोलेस्टेरॉलचा विचारही न करता मूल रक्तविकारतज्ज्ञाकडे वर्षानुवर्षं फिरतं. तिसरी तपासणीची. नेहमीच्या लिपिड तपासणीतलं एन्झाइम कोलेस्टेरॉल आणि सिटोस्टेरॉल यांत फरक करत नाही, दोन्ही एकत्र मोजतं. वेगळं मोजायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी पद्धत लागते, आणि ती मुद्दाम मागावी लागते.

आईवडिलांचं कोलेस्टेरॉल ठीक आणि मुलाचं भलतंच जास्त, वर त्वचेवर पिवळ्या गाठी, असं दिसलं की हा आजार डॉक्टरांच्या यादीत असायला हवा. उपचार आहे, आणि चांगला लागू पडतो: वनस्पतिजन्य स्टेरॉल कमी असलेला आहार आणि एझेटिमाइब हे औषध (प्रश्न १५). कोलेस्टेरॉल घटवणारे म्हणून विकले जाणारे, स्टेरॉल मिसळलेले पदार्थ या रुग्णांनी अजिबात घेऊ नयेत.

एकच प्रत बिघडलेले लोक बहुतेक ठणठणीत असतात. त्यांच्या रक्तात सिटोस्टेरॉल किंचित जास्त सापडतं, आणि काहींचं एलडीएलही थोडं वाढलेलं असतं.

१०. मग उलट, हे जनुक जास्त जोरात चाललं तर उत्तमच ना? कोलेस्टेरॉल भराभर बाहेर!

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा उत्साह मला आवडतो, पण उत्तर ‘नाही’ असं आहे. रक्ताची सुटका होते ती पित्ताच्या जिवावर.

एबीसीजी८ चा एक प्रकार बऱ्याच लोकांत आढळतो. त्यात प्रथिनातल्या १९ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडीन असतं; त्याला डी१९एच म्हणतात. २००७ मध्ये जर्मन रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी झाली, तेव्हा पित्ताच्या खड्यांशी सगळ्यांत ठळकपणे जोडलं गेलं ते हेच. हा प्रकार असलेल्यांना खड्यांचा धोका अंदाजे दुप्पट. त्यांच्या रक्तात वनस्पतिजन्य स्टेरॉल मात्र कमी सापडतात. यावरून दार जास्त उघडं असावं असं दिसतं.

आता प्रश्न ५ आठवा. कोलेस्टेरॉल जास्त आलं पण पित्तक्षार आणि फॉस्फॅटिडिलकोलीन तेवढेच राहिले, तर पित्त अतिसंपृक्त होतं. जागा न मिळालेल्या कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात, पित्ताशयातल्या श्लेष्म्यात ते अडकतात, आणि पित्ताशय आळशी असेल तर त्यांचे खडे वाढत जातात.

तरी सगळं खापर जनुकांवर फोडू नये. स्वीडनमध्ये ४३ हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्या तपासल्या, तेव्हा त्रास देणाऱ्या खड्यांत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश निघाला.

११. माझं रक्तातलं कोलेस्टेरॉल अगदी नॉर्मल आहे. तरी कोलेस्टेरॉलचे खडे कसे?

रक्तातला आकडा आणि पित्तातला आकडा हे दोन वेगळे हिशेब आहेत. वरच्या उत्तरातल्या माणसाचं रक्त छान असू शकतं आणि पित्त भरलेलं. उलट, एलडीएल खूप जास्त असलेल्या माणसाला आयुष्यभर एकही खडा होत नाही असंही दिसतं. सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात हेही लक्षात ठेवा. लाल पेशी सतत फुटत असतील तर बिलिरुबिनचे काळे खडे होतात आणि त्यांचा या जोडीशी संबंध नाही.

१२. लठ्ठपणा, मधुमेह, गरोदरपण यांत खडे जास्त का होतात? तिथेही हीच जनुकं का?

बऱ्याच अंशी. उंदरांच्या यकृताला इन्सुलिनचा निरोप पोचणं बंद केलं की एबीसीजी५ आणि ८ वाढतात आणि खडे होतात. हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. इस्ट्रोजेननेही पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, शिवाय गरोदरपणात पित्ताशय सुस्तावतं. क्लोफायब्रेट हे जुनं औषध रक्तातली चरबी घटवायचं आणि खडे वाढवायचं. प्रश्न १० मधलीच देवाणघेवाण.

यात एक अडचणीची गोष्ट: वजन फार झपाट्याने उतरवलं तरीही खडे होतात. चरबीच्या पेशींतलं कोलेस्टेरॉल एकदम यकृताकडे येतं आणि खाणं कमी असल्याने पित्ताशय रिकामं होत नाही.

१३. वय तीससुद्धा नाही, पित्ताशय काढून झालं, तरी तसंच दुखतं. घरात आणखी दोघांना हाच त्रास. काय समजायचं?

पोटदुखीची कारणं पुष्कळ असतात, त्यामुळे इथून निदान होणार नाही. पण चाळिशीच्या आत लक्षणं, पित्ताशय काढल्यावरही दुखणं, सोनोग्राफीत यकृताच्या आतच चमकणारे ठिपके, आणि जवळच्या नात्यात तोच त्रास, असा मेळ जमत असेल तर डॉक्टरांना एबीसीबी४ बद्दल जरूर विचारा. इथे कोलेस्टेरॉल जास्त नसतं, त्याला सांभाळणारं फॉस्फॅटिडिलकोलीन कमी असतं, आणि खडे यकृतातल्या नळ्यांतच जमतात. पित्ताशय काढून ते थांबणार कसे? अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल या औषधाने अशा अनेकांना बराच आराम पडतो.

अशा घरातल्या एखाद्या बाईला गरोदरपणात तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटली असेल तर तेही सांगा. गर्भावस्थेत पित्त तुंबण्याचा तो आजार असू शकतो आणि काहींत त्यामागे एबीसीबी४ किंवा एबीसीबी११ चा दोष असतो. तो बाळासाठी धोक्याचा असल्यामुळे पुढच्या खेपेला रक्तातली पित्ताम्लं (म्हणजे पित्तक्षारच) वेळेत तपासायला हवीत.

१४. पित्ताशय काढल्यावर कोलेस्टेरॉल बाहेर जाणं बंद होतं का?

नाही. पित्ताशय ही टाकी आहे, विहीर यकृतात. टाकी गेली तरी पित्त थेंब थेंब आतड्यात जात राहतं आणि वाहकांचं काम पूर्वीसारखंच चालू राहतं.

१५. कोलेस्टेरॉलची औषधं या दारांवर काम करतात का?

स्टॅटिन नाही, ते यकृतातली निर्मिती कमी करतं. एझेटिमाइब आतड्यातलं परत घेणारं दार, एनपीसी१एल१, बंद करतं. गंमत अशी की हे औषध २००२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं तेव्हा त्याचं नेमकं लक्ष्य माहीतच नव्हतं. दार दोन वर्षांनी सापडलं. एकट्याने ते एलडीएल सुमारे १८ टक्क्यांनी घटवतं. कोलेस्टिरामिनसारखी औषधं आतड्यातले पित्तक्षार बांधून ठेवतात, मग यकृताला नवे पित्तक्षार बनवायला कोलेस्टेरॉल खर्चावं लागतं.

एबीसीजी५ आणि ८ थेट वाढवणारी गोळी का नाही, हेही लोक विचारतात. एलएक्सआर चेतवणारे पदार्थ करून पाहिले गेले. पण तेच एलएक्सआर यकृतात चरबीची निर्मितीही वाढवतं. शिवाय प्रश्न १० आहेच.

१६. तेल आणि लिंबाचा रस पिऊन पित्ताचे हिरवे खडे पडले. फोटो पाठवला आहे. आता दार मोकळं झालं ना?

फोटोतले गोळे बहुधा साबणाचे आहेत. प्यायलेलं तेल पचताना सुटणारी आम्लं आतड्यातल्या क्षारांशी जोडली जाऊन असे मऊ, हिरवट गोळे होतात. अशा गोळ्यांची तपासणी झाली आहे आणि त्यांत कोलेस्टेरॉल सापडलं नाही. खरा खडा असेल तर एवढ्या तेलाने पित्ताशय जोरात आकुंचन पावून तो नळीत अडकू शकतो. पोटात उजवीकडे कळ, ताप, डोळे पिवळे, यातलं काही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

१७. पित्ताशिवाय कोलेस्टेरॉलला दुसरी वाट आहे का?

आहे. एबीसीजी५ आणि ८ नसलेल्या उंदरांच्या पित्तातलं कोलेस्टेरॉल कमालीचं घटतं, तरी विष्ठेतून ते जातच राहतं. रक्तातून थेट आतड्याच्या भिंतीतून ते आतड्यात उतरतं. माणसातही ही वाट असल्याचं मोजून दाखवलं गेलं आहे, आणि एझेटिमाइब दिल्यावर ती आणखी वाहती होते. ‘कोलेस्टेरॉल फक्त पित्तातूनच जातं’ हे जुनं वाक्य म्हणूनच मी प्रश्न २ मध्ये जरा जपून लिहिलं.

१८. उंदरांवरचं हे सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होतं?

जोडीचं मूळ काम, हो. पण एक मोठा फरक लक्षात ठेवावा लागतो. उंदरात एनपीसी१एल१ जवळजवळ फक्त आतड्यात असतं. माणसात ते यकृतातही भरपूर असतं, तेही त्याच बारीक नळीच्या भिंतीत. म्हणजे माणसाच्या यकृतात एक दार कोलेस्टेरॉल पित्तात टाकतं आणि शेजारचं दार त्यातलं काही परत घेतं. म्हणून उंदराच्या पित्तावर काढलेला आकडा माणसाच्या पित्ताला लावताना हात आखडता घ्यावा.